छापून आलेले चोवीस शब्द

पत्र : मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत दुकानात हिशेब बघतो. राहायला गावभागात आहे. २०२१ पासून जमेल तसे थोडे थोडे बिटकॉइन घेत गेलो, आज त्यांची किंमत साडेचार लाखांच्या आसपास आहे. सगळं एका एक्स्चेंजच्या, म्हणजे बिटकॉइनची खरेदी-विक्री करून देणाऱ्या कंपनीच्या ॲपवर होतं. एक्स्चेंज हॅक झाल्याच्या बातम्या वाचून धास्ती घेतली आणि हार्डवेअर वॉलेट, म्हणजे बिटकॉइन स्वतःच्या ताब्यात ठेवायचं छोटं यंत्र, घ्यायचं ठरवलं. मेहुण्याच्या ओळखीतल्या एकाने टेलिग्रामवरून निम्म्या किमतीत मिळवून दिलं. डबा सीलबंद होता. आत यंत्र, केबल आणि एक कार्ड. कार्डावरची पट्टी खरवडली की चोवीस शब्द दिसतात. सूचनेप्रमाणे ते शब्द यंत्रात भरले, लगेच चालू झालं. चाचणी म्हणून पंधरा हजारांचे बिटकॉइन पाठवले, ते नीट दिसतायत. आता बाकीचे पाठवू ना? मेहुणा म्हणतो, शब्दांचा फोटो काढून ठेव, नाहीतर निम्मे तुझ्याकडे आणि निम्मे माझ्याकडे ठेवू. २०१९ च्या पुरात आमच्या घरात माळ्यापर्यंत पाणी होतं, त्यामुळे कागदावर लिहून ठेवायची भीती वाटते. आणखी एक, बायकोला यातलं काहीच माहीत नाही. सांगावं का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : बाकीचे पाठवू नका, आणि ते पंधरा हजार आजच्या आज परत काढा. एवढं मी तुम्हाला पत्र मिळालं त्याच दिवशी कळवलं होतं. इथे सविस्तर लिहितोय ते तुमच्यासाठी आणि असंच कार्ड हातात घेऊन बसलेल्या इतरांसाठीही.

काढायचे कसे? एक्स्चेंजच्या ॲपमध्ये तुमचा बिटकॉइन जमा करायचा पत्ता मिळतो. त्या पत्त्यावर या यंत्रातून सगळी शिल्लक पाठवून द्या. नेटवर्कची फी जाईल, जाऊ द्या. पैसे अजून जागेवर आहेत म्हणजे सगळं ठीक आहे असं समजू नका. ज्याने ते कार्ड छापलं त्याच्याकडे तेच चोवीस शब्द आहेत. बिटकॉइनचे व्यवहार सगळ्या जगाला दिसतात, त्यामुळे तुमचे पंधरा हजार आलेले त्यालाही दिसले असणार. चाचणीनंतर माणूस मोठी रक्कम पाठवतो हे त्याला ठाऊक असतं, म्हणून तो थांबलाय. ही काही नवी युक्ती नाही. २०१८ च्या सुरुवातीला ईबेवरून घेतलेल्या लेजर या कंपनीच्या वॉलेटबरोबर असंच खरवडायचं कार्ड आलं होतं, आणि त्या ग्राहकाची सगळी जमा गेली. ते प्रकरण तेव्हा बरंच गाजलं होतं.

बिटकॉइन त्या यंत्रात नसतातच. ते ब्लॉकचेनवर, म्हणजे जगभरच्या संगणकांवर ठेवलेल्या सामायिक खतावणीत असतात. यंत्रात असते ती फक्त सही करायची गुप्त किल्ली, आणि ती किल्ली त्या चोवीस शब्दांवरून तयार होते. तुमच्याच धंद्यातलं सांगायचं तर हळद वखारीत आहे आणि शब्द म्हणजे तिची पावती. फरक इतकाच की या पावतीची नक्कलही अस्सलइतकीच चालते, ती कोणी आणली हे वखारवाला विचारत नाही आणि एकदा माल गेला की तक्रार ऐकून घेणारं कोणी नसतं. म्हणून शब्द जन्माला यायला हवेत ते तुमच्या डोळ्यांसमोर, यंत्राच्या स्वतःच्या पडद्यावर. कंपनी शब्द छापून पाठवत नाही, पिन ठरवून पाठवत नाही. खऱ्या डब्यात मिळतात ती कोरी कार्डं.

आता त्या यंत्राचं काय? कदाचित ते अस्सल असेल आणि डब्यात फक्त कार्ड सरकवलं असेल. तसं असेल तर यंत्र पूर्ण पुसून नवे शब्द तयार करता येतील. पण ते अस्सल आहे हे तुम्ही कसं ओळखणार? २०२३ मध्ये कॅस्परस्की या सुरक्षा कंपनीने ट्रेझर या दुसऱ्या कंपनीच्या नावाचं एक नकली वॉलेट उघडून पाहिलं. बाहेरून अगदी खऱ्यासारखं, वापरतानाही काही खटकत नव्हतं. आत मात्र चिप बदललेली. शब्द नव्याने तयार केल्याचं नाटक करून ते चोराकडे आधीच असलेल्या वीस संचांपैकी एक संच दाखवायचं. साडेचार लाखांच्या राखणीला असलं यंत्र कोण ठेवेल? टाकून द्या. निम्म्या किमतीत मिळालं म्हणून ते जपून ठेवायचं काही कारण नाही. सीलवरही भिस्त ठेवू नका, सील कोणीही चिकटवतं. लेजर कंपनी तर डब्याला असलं सील लावतच नाही. त्यांचं ॲप यंत्राच्या आतल्या चिपला प्रश्न विचारून ते खरं आहे का तपासतं. ट्रेझरची यंत्रं आत फर्मवेअर, म्हणजे यंत्र चालवणारं सॉफ्टवेअर, न घालताच येतात, ते तुम्ही पहिल्यांदा जोडता तेव्हा भरलं जातं. तुमचं यंत्र आधीच फर्मवेअरसकट आलं असेल तर तिथेच शंका घ्यायला हवी होती.

नवं यंत्र कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून घ्या, किंवा त्या संकेतस्थळावर अधिकृत विक्रेता म्हणून ज्याचं नाव आहे त्याच्याकडून. परदेशातून आलं तर वर सीमाशुल्क पडू शकतं, तेही धरून चाला. ते येईपर्यंत बाकीचे बिटकॉइन एक्स्चेंजवरच राहू देत. तिथे लॉगिनला एसएमएसऐवजी ऑथेंटिकेटर ॲप (लॉगिनचा कोड फोनवरच तयार करणारं) लावा, म्हणजे कोणी फसवून तुमच्या नंबरचं दुसरं सिम काढलं तरी आत शिरता येणार नाही.

यंत्र आलं की घाई नको. एक मोकळी संध्याकाळ काढा, दार लावा, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा. दुकानात बसून हे करू नका, तिथे डोक्यावर सीसीटीव्ही असतो. कंपनीचं ॲप उतरवताना गूगलवर शोधून वरच्या जाहिरातीवर टिचकी मारू नका, पुस्तिकेतला पत्ता स्वतः टाइप करा. २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या अधिकृत स्टोअरमध्येसुद्धा लेजरच्या नावाचं नकली ॲप शिरलं होतं, आणि लोकांचे लाखो डॉलर गेले. ॲप फर्मवेअर अद्ययावत करायला सांगेल, ते आधी करा. मग ‘नवीन वॉलेट’ निवडा. ‘जुनं परत आणा’ हा पर्याय घेऊ नका, मागच्या वेळी कार्डाने तुम्हाला तिकडेच नेलं होतं. पिन यंत्राच्या पडद्यावर ठरवायचा. जन्मसाल नको, गाडीचा नंबर नको. लेजरवर तीनदा पिन चुकला की यंत्र स्वतःला कोरं करतं. घाबरायचं कारण नाही, शब्द हाताशी असले की सगळं परत आणता येतं.

मग यंत्र एकेक शब्द दाखवेल. इंग्रजी शब्द असतात, २०४८ शब्दांच्या ठरलेल्या यादीतले : मँगो, रिबन, अंब्रेला असे साधेच. ते क्रमांकासकट पेनाने कागदावर लिहा. क्रम चुकला तर शब्द बरोबर असूनही वॉलेट उघडत नाही. अक्षर सुवाच्य काढा, कारण या यादीत ‘वर्ड’ही आहे आणि ‘वर्ल्ड’ही. ट्रेझरची नवी मॉडेल सुरुवातीला वीस शब्दांचा वेगळ्या पद्धतीचा बॅकअप सुचवतात. तोही चांगला आहे, पण सगळ्या कंपन्यांच्या यंत्रांत चालत नाही. तुमच्यासाठी मी चोवीस शब्दांचाच सुचवेन, उद्या ट्रेझर मोडलं तर दुसऱ्या कंपनीचं यंत्र घेऊनही काम भागतं.

हे शब्द जिथे की-बोर्ड किंवा कॅमेरा आहे तिथे कधीही जाता कामा नयेत. फोटो काढलात की तो तुमच्या नकळत गूगल फोटोजमध्ये चढतो. व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवून ठेवणारेही मी पाहिलेत. झेरॉक्सच्या दुकानातल्या मशीनमध्येही प्रत राहू शकते. मग यंत्रासाठी पैसे मोजलेत कशाला? शब्द इंटरनेटपासून लांब राहावेत एवढ्यासाठीच ना? मेहुण्याची निम्मे-निम्मेची कल्पना ऐकायला बरी वाटते, पण दोन तुकड्यांपैकी एक जरी हरवला तरी सगळं गेलं. म्हणजे चोरीची भीती थोडी कमी करायची आणि हरवण्याची दुप्पट. मेहुणा वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण ज्याला टेलिग्राम आणि निम्मी किंमत खटकली नाही, त्याला या कामात फार वरची जागा देऊ नका.

पुराची तुमची भीती खरी आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५. २०२१ मध्ये पुन्हा आलंच. गावभागात राहणाऱ्या माणसाने शब्द नुसत्या कागदावर ठेवू नयेत, लॅमिनेशन करूनही नाही. उपाय स्वस्त आहे. कुपवाडच्या एमआयडीसीत एखाद्या फॅब्रिकेशनवाल्याकडून ३०४ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलच्या दोन मिलिमीटर जाडीच्या दोन पट्ट्या कापून घ्या, साधारण पोस्टकार्डाच्या आकाराच्या. हार्डवेअरच्या दुकानात अक्षरांच्या पंचांचा २७ नगांचा संच मिळतो आणि आकड्यांचा ९ नगांचा, त्यात ६ उलटा धरला की ९ होतो. चार मिलिमीटरचे घ्या. शब्द मात्र स्वतः ठोका. वर्कशॉपवाल्याला ‘एवढे शब्द मारून द्या’ म्हणून कागद दिलात तर पुन्हा खरवडायच्या कार्डापाशीच आलात.

पूर्ण शब्द ठोकायची गरज नाही. यादी अशी बनवलीय की पहिली चार अक्षरं कुठल्याही दोन शब्दांची सारखी नाहीत. तीनच अक्षरांचा शब्द असेल तर चौथी जागा मोकळी सोडा. म्हणजे फार तर ९६ अक्षरं आणि शेजारी क्रमांक. स्टील कठीण असतं, पंच उडतो आणि अक्षर दुहेरी उमटतं, म्हणून खाली भक्कम काहीतरी हवं. तुमच्या दुकानात वीस किलोचं जुनं लोखंडी वजन पडलं असेल तर ते ऐरणीचं काम करेल. घरी आणून, एका हाताने पंच घट्ट धरून, जड हातोड्याचा एकच नेमका घाव घाला. पट्टीवर आधी मार्करने चौकटी आखून घ्या, नाहीतर सतराव्या-अठराव्या शब्दापाशी जागा संपते. हे काम मला फार आवडतं. एवढ्या सगळ्या डिजिटल भानगडीत शेवटी भरवसा हातोडीवरच येतो. असं स्टील पाण्यात राहिलं तरी अक्षरं जात नाहीत, आणि घराला लागणाऱ्या आगीत सहसा वितळत नाही.

दुसरी पट्टीही तशीच, पण ती दुसऱ्या गावी ठेवा, निदान नदीपासून लांब. विट्याला किंवा मिरजेच्या उंच भागात कोणी विश्वासाचं असेल तर बंद पाकिटात, जोडावर सही करून. बँकेच्या लॉकरमध्ये ठेवणार असाल तर लॉकरची खोली तळमजल्यावर आहे का आणि २०१९ मध्ये तिथे पाणी आलं होतं का, ते विचारून घ्या. पट्टी ज्याच्या हाती पडेल त्याचे पैसे, हे लक्षात ठेवून जागा निवडा.

आता जी पायरी बहुतेक लोक गाळतात ती. मोठी रक्कम पाठवण्याआधी यंत्र मुद्दाम कोरं करायचं. दोन हजारांचे बिटकॉइन त्यावर घ्या, आलेले बघा. मग लेजर असेल तर जाणूनबुजून तीनदा चुकीचा पिन टाका, दुसरं असेल तर सेटिंगमधून पुसा. आणि मग शब्द परत भरा, कागद बघून नाही, स्टीलची पट्टी बघून. कारण चूक झाली असेल तर ती ठोकताना झालेली असते. तेच दोन हजार पुन्हा दिसले की पट्टी खरी. दुसऱ्या पट्टीवरची अक्षरं पहिलीशी ताडून घ्या आणि मगच कागद जाळा. हे करायला जमणार नसेल, कंटाळा येणार असेल, तर स्पष्टच सांगतो, बिटकॉइन एखाद्या बऱ्या एक्स्चेंजवरच ठेवा. न तपासलेल्या शब्दांच्या भरवशावर साडेचार लाख ठेवण्यापेक्षा ते परवडलं.

रक्कम हलवताना पत्ता संगणकावरून कॉपी केलात तरी तपासायचा तो यंत्राच्या पडद्यावर. संगणकात शिरलेले काही व्हायरस कॉपी केलेला पत्ता पेस्ट करताना बदलतात. संगणकाच्या पडद्यावरही तेच खोटं दिसतं, यंत्राच्या छोट्या पडद्यावर मात्र खरं दिसतं. सुरुवातीची चार आणि शेवटची चार अक्षरं बघून सोडू नका, चोर तेवढी जुळणारे पत्ते बनवून ठेवतात. पूर्ण वाचा, अर्धं मिनिट लागतं. आणि दर वेळी वॉलेट नवा पत्ता दाखवेल, त्याने दचकू नका. जुने पत्तेही चालूच राहतात, सगळे त्याच शब्दांतून निघालेले असतात. आधी थोडे, ते पोहोचले की बाकीचे.

पैसे बाहेर पाठवतानाही तोच नियम : रक्कम, पत्ता आणि फी यंत्राच्या पडद्यावर वाचून मगच बटण दाबायचं. नुसत्या बिटकॉइनपुरतं हे सोपं आहे. पण उद्या कोणी तुम्हाला इथेरियम या दुसऱ्या ब्लॉकचेनवरच्या व्याजाच्या योजनांत ओढलं, तर तिथे पडद्यावर कधीकधी अगम्य आकड्यांची ओळ येते आणि माणूस ‘होय’ दाबतो. जुलै २०२४ मध्ये वझीरएक्स या भारतीय एक्स्चेंजमधून २३ कोटी डॉलरहून जास्त गेले, फेब्रुवारी २०२५ मध्ये बायबिट या परदेशी एक्स्चेंजमधून सुमारे दीडशे कोटी डॉलर. दोन्हीकडे हार्डवेअर वॉलेट वापरात होती. सही करणाऱ्यांना संगणकावर एक दाखवलं गेलं आणि सही झाली भलत्याच गोष्टीवर. जे वाचता येत नाही त्यावर सही करायची नाही, एवढं पाळलंत तरी खूप.

चोवीस शब्दांवर स्वतःचा पंचविसावा शब्द जोडायची सोयही असते. तुम्ही ती वापरू नका. त्यात एक अक्षर जरी चुकलं तरी यंत्र ‘चूक’ म्हणत नाही, निमूटपणे दुसरंच रिकामं वॉलेट उघडतं. दहा वर्षांनी तो शब्द नेमका आठवेल असा भरवसा मला माझ्याबद्दलही नाही.

फोन येतील. २०२० मध्ये लेजरच्या ग्राहकांची यादी फुटली होती, पावणेतीन लाखांच्या आसपास लोकांची नावं, पत्ते, फोन नंबर. पुढे काहींच्या घरी कंपनीच्या नावाने पत्रं आणि बदली म्हणून नकली यंत्रं टपालाने आली. म्हणून ‘तुमचं वॉलेट पडताळायचंय, शब्द सांगा’ असं कोणीही म्हटलं, अगदी पोलिसाच्या वेषात व्हिडिओ कॉलवर आला तरी, फोन ठेवायचा. शब्द विचारणारा चोरच, याला अपवाद नाही. पैसे गेलेच तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच तक्रार करा. त्या विकणाऱ्याचे टेलिग्रामवरचे संदेश आणि पैसे पाठवल्याची पावतीही पुसू नका, तक्रारीला लागतील. यार्डात मात्र याची चर्चा नको. भाव वाढला की चहाच्या टपरीवर तोंड सुटतं.

कराचं थोडक्यात. एक्स्चेंजवरून स्वतःच्या वॉलेटमध्ये आणणं म्हणजे विक्री नव्हे. विकाल तेव्हा नफ्यावर ३० टक्के आणि वर उपकर लागतो, २०२२ पासूनचा नियम. तोटा दुसरीकडे वजा होत नाही. यंत्रात ठेवलं म्हणजे प्राप्तिकरापासून लपलं, असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. २०२१ पासूनच्या सगळ्या खरेदीची यादी एक्स्चेंजच्या ॲपवरून आताच उतरवून ठेवा. ॲप बंद पडलं तर खरेदी किती रुपयांना होती हे सिद्ध करायला तुमच्याकडे काही उरणार नाही. हिशेबनीस माणसाला हे जास्त सांगायला नको.

राहिला बायकोचा प्रश्न. सांगा, आणि या महिन्यातच सांगा. बँकेच्या खात्याला नॉमिनी असतो, याला कोणी नसतो. तुम्हाला काही झालं तर त्या पट्टीकडे बघून तिला ती भंगारात द्यायची की जपायची हेही कळणार नाही. आधी रागावेल, साडेचार लाख लपवलेत म्हणजे रागावणारच, ते ऐकून घ्या. मग तिला शेजारी बसवा आणि कोरं केलेलं यंत्र तिच्याकडून चालू करून घ्या. तुम्ही बोलायचं नाही, पट्टी ती वाचेल आणि बटणं तीच दाबेल. जिथे अडेल ते एका वहीत तिच्याच भाषेत लिहून ठेवायला सांगा : हे काय आहे, कुठल्या कंपनीचं ॲप, पट्ट्या कुठे आहेत, कोणाला विचारायचं आणि कोणाला नाही. त्या वहीत शब्द आणि पिन येऊ देऊ नका. मृत्युपत्र केलंत तर त्यातही वॉलेट आहे आणि ते तिला द्यायचं आहे एवढंच लिहा, शब्द नकोत, कारण तो कागद पुढे वकील, साक्षीदार आणि कार्यालयातल्या माणसांच्या हातून जातो.